हवामानाचा रकाना

ब्रुल हार्बर, १४ जून १९८१

प्रिय रेइनोकाका,

बाबा तुमच्याशिवाय कोणाचं ऐकत नाहीत, म्हणून हे पत्र. माझं ऐकत नाहीत यात नवल नाही. डॉक्टर पेल्टियरांचंही ऐकत नाहीत, आणि गेल्या रविवारी समजूत घालायला आलेल्या पाद्रीबाबांना त्यांनी "तुम्ही तुमची घंटा सांभाळा" असं सांगून परत पाठवलं.

मार्चमध्ये बाबा बर्फावर घसरून पडले तेव्हापासून मी गावातली माझी जागा सोडून त्यांच्याकडे राहते आहे, हे तुम्हाला माहीत आहेच. वाचनालयाने सुपीरियर सरोवराच्या या किनाऱ्यावरच्या जुन्या दीपगृहांची पुस्तिका माझ्या गळ्यात घातली आहे. त्यासाठी दुपारी कामावरून आले की मी त्यांना टेपरेकॉर्डरसमोर बसवते. तुम्ही दोघांनी एकतीस वर्षं हॅलोरन पॉइंटचा दिवा सांभाळला. त्यांच्याइतकं माहीत असलेला माणूस मला कुठे मिळणार?

पण काका, ते बोलता बोलता मधेच थांबतात. वाक्याच्या अर्ध्यात. "मिंक रीफच्या दिव्याला आम्ही..." आणि गप्प. नजर खिडकीकडे. तीन-चार सेकंद. मग "...तेल होडीने न्यायचो," असं उरलेलं वाक्य, जणू काही झालंच नाही. मी विचारते, "बाबा, काय झालं?" ते म्हणतात, "कुठे काय झालं?"

तीन जूनला हे डॉक्टरांसमोरच घडलं. त्यांना मेंदूच्या बारीक झटक्यांची शंका आहे. एकट्याने राहू देऊ नका म्हणतात, आणि मी दिवसभर वाचनालयात असते. इथून सत्तर मैलांवर एक चांगला वृद्धाश्रम आहे. तिथे एक खोली त्यांनी पंधरा जुलैपर्यंत आमच्यासाठी राखून ठेवली आहे. त्या दिवशी हो किंवा नाही सांगायचं.

डॉक्टरांना देण्यासाठी मी चौदा दिवसांची यादी केली आहे. तारीख, वेळ, काय बोलत होते, किती सेकंद, आणि दुसरं काही विचित्र घडलं तर तेही, असे रकाने आखून. तिची नक्कल सोबत आहे. वाचा, आणि बाबांना लिहा की जा. तुम्ही म्हणालात तर जातील.

तुम्ही मागितला होतात म्हणून पुस्तिकेचा कच्चा मजकूरही पाठवते. त्याची घाई नाही.

तुमची,
लेनोर


डुलूथ, २२ जून

लेनोर,

पुस्तिका वाचली. अगं, हे काय लिहिलंयस?

हॅलोरन पॉइंटच्या पायऱ्या अठ्ठ्याण्णव नाहीत, एकशे एक आहेत. तू तळघरातल्या तीन सोडल्यास. तेलाचा डबा घेऊन चढणाऱ्याला त्या सुटत नाहीत, माझ्या गुडघ्यांना विचार. सेंट ओडिल बेटाचा दिवा लाल कधीच नव्हता. लाल व्हायची ती तिथल्या कीपरची बायको, रागाने. आणि दिवसा भिंगाला पडदे लावायचे ते "धुळीपासून संरक्षणासाठी"? कुणी सांगितलं तुला? पडदा लावायला विसरलं तर उलटं ऊन भिंगातून गोळा होऊन आत पडायचं आणि दिव्याची खोली पेटायची. धूळ म्हणे! धुळीला आम्ही होतो की, फडकं घेऊन.

तुझी यादी पाहिली. अक्षर सुरेख. पण हवामान कुठे आहे? सेकंदसुद्धा मोजलेस आणि हवामान नाही! कीपरची मुलगी ना तू? आमच्या रोजनिशीत पहिला शब्द वाऱ्याचा. माणूस मेला तरी तो दुसऱ्या ओळीत. तुझ्या बापाने, ऑर्व्हिलने, अशी नोंदवही तपासनिसापुढे ठेवली असती तर त्याच बोटीने त्याला घरी धाडलं असतं.

चौदाही दिवसांचं हवामान लिहून पाठव. मग बघू.

वृद्धाश्रमाबद्दल मी त्याला काहीही लिहिणार नाही. का, ते विचारू नकोस. आइलीकडे माझं उत्तम चाललं आहे. मुलीचं घर ते मुलीचं घर.

रेइनो


ब्रुल हार्बर, २७ जून

प्रिय रेइनोकाका,

तुमचं पत्र वाचून मी ते दोनदा टेबलावर आपटलं. मी तुम्हाला वडिलांच्या मेंदूबद्दल लिहिते आणि तुम्ही मला पायऱ्या मोजून दाखवता? हवामान कशाला हवं? त्यांना संधिवात झालेला नाही.

काल मी स्वतःच विषय काढला. म्हटलं, "बाबा, ती जागा निदान बघायला तरी येता का?"

"बघितली आहे."

"कधी?"

"न बघताच."

"असं कसं बघितलं?"

"तू जशी न विचारता खोली राखून ठेवलीस, तसं."

मग मी बशा जरा जोरातच धुतल्या. त्यांनी रेडिओ मोठा केला. आमच्याकडे भांडण असं होतं.

तुमच्यावर रागावण्याआधी मी स्वतःलाच विचारलं, की मी ही यादी कशासाठी केली? डॉक्टरांसाठी, असं मी म्हणते. पण रात्री माझ्या रोजनिशीत लिहिताना दिसलं की ज्या दिवशी नोंद झाली त्या दिवशी मला किंचित बरंच वाटलं होतं. पुरावा मिळाल्यासारखं. सेहेचाळीस वर्षांच्या बाईने बापाच्या गप्प बसण्याचे सेकंद मोजावेत आणि वर समाधान वाटून घ्यावं, ही काय माया झाली? की मला फक्त माझी गावातली जागा, माझा दिवा आणि माझं पुस्तक परत हवं आहे?

मी दोन वर्षांची असताना आई मला घेऊन मिलवॉकीला गेली. ती नेहमी म्हणायची, "तुझा बाप प्रत्येक गोष्ट अर्ध्यात सोडतो." मला वाटायचं हा तिचा कडवटपणा. आता वाटतं, तेव्हापासूनच काही असेल का?

पंधरा जुलैला अठरा दिवस उरले आहेत. कृपा करून सरळ उत्तर द्या.

लेनोर


डुलूथ, १ जुलै

लेनोर,

आपट, हवी तेवढी आपट. पण स्वयंपाकघरात कॅलेंडर असेल, ते बघ. ऑर्व्हिलने त्यावर हवामान लिहिणं सोडलं असेल तर माझं नाव बदल.

तू विचारलंस म्हणून सरळ सांगतो. धुकं उतरलं की आम्ही बोटींसाठी भोंगा सुरू करायचो. दर अर्ध्या मिनिटाला एकदा, तीन सेकंद. तो वाजत असताना शेजारच्या माणसाचं बोलणं सोड, स्वतःचा खोकला ऐकू यायचा नाही. ओरडून बोलणारे ते नवशिके, आठवड्यात त्यांचा घसा बसायचा. मुरलेला माणूस वाक्य तिथेच ठेवायचा, भोंगा होऊन जाऊ द्यायचा आणि ठेवलेलं वाक्य उचलायचा. भांडण तसंच, पत्ते तसेच, जेवणाआधीची प्रार्थना तशीच. एका जूनमध्ये नऊ दिवस धुकं उठलं नाही. दहाव्या दिवशी ऊन पडलं, तरी आम्ही दोघं हातात कप घेऊन अर्ध्या अर्ध्या मिनिटाला थांबत होतो.

मीसुद्धा अजून थांबतो. आइलीच्या नवऱ्याला वाटायचं, सासरा प्रत्येक शब्द तोलून बोलतो. बिचारा फार आदराने वागायचा.

तुझ्या आईला मागणी घातली त्या दिवशीही धुकंच होतं. ऑर्व्हिल म्हणाला, "हेस्टर, तू माझ्याशी..." आणि भोंगा. तो आपला सवयीने थांबला. तिला वाटलं, याला पुढचं बोलायचा धीर होत नाही. भोंगा संपायच्या आत ती "हो" म्हणून मोकळी झाली. त्याला ते ऐकूच आलं नाही, म्हणून त्याने उरलेलं वाक्य पुरं केलं. ती म्हणाली, "किती वेळा सांगू?" तुझ्या आईचा आणि भोंग्याचा उभा दावा तेव्हापासूनचा.

हे पहिल्याच पत्रात का नाही लिहिलं? कारण मला खात्री नव्हती. यादीत हवामान नव्हतं आणि अंदाजाने नोंद करायची आमची पद्धत नाही. भोंगा बंद होऊन अठरा वर्षं झाली. म्हाताऱ्याला खरंच झटके येत असतील तर? म्हणून म्हटलं, हवामान.

रेइनो


ब्रुल हार्बर, ७ जुलै

प्रिय रेइनोकाका,

कॅलेंडर माझ्या नाकासमोरच होतं. मी चार महिने त्याच खिळ्यावर भांडी पुसायचं फडकं अडकवत होते. खाली प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने, मुंगीच्या अक्षरात: "ईशान्य, मंद. धुकं." "पश्चिम, जोराचा. स्वच्छ." पडले त्या दिवशीसुद्धा: "उत्तर. हिमकण." पडल्याचा उल्लेख नाही.

चौदापैकी अकरा दिवस धुक्याचे. डॉक्टर आले होते तो तीन जूनही.

मग मी टेप काढल्या आणि घड्याळ घेऊन बसले. धुक्याच्या दिवशी: सत्तावीस सेकंद बोलणं, तीन सेकंद गप्प. अठ्ठावीस, तीन. सत्तावीस, तीन. स्वच्छ दिवसाची टेप चाळीस मिनिटं सलग, एका शिंकेशिवाय थांबले नाहीत. मी त्यांना खिडकीशी बसवून धुकं बघत दीपगृहाबद्दलच विचारत होते. दुसरं काय होणार होतं? मला हसू आलं आणि मग स्वतःचाच इतका राग आला की उठून अंगणात गेले.

पण काका, तीन दिवस उरतात. एकोणीस मे, किटली चुलीवर ठेवून विसरले. पाणी आटलं, बूड जळालं. दोन जून, मला दिवसभर हेस्टर म्हणत होते. नऊ जून, टपाल आणायला निघाले आणि शेजाऱ्यांच्या फाटकाशी उभे राहिले. कुठे निघालो ते आठवेना. या तिन्ही दिवशी कॅलेंडरवर "स्वच्छ" आहे.

डॉक्टरांना यादी अजून दिलेली नाही. काल मी तीन ओळी गाळून नवी यादी उतरवली. वाचली, लाज वाटली, फाडली. मग तुकडे जुळवून परत वाचली. अकराच नोंदी असत्या तर किती सोपं झालं असतं! पण पहिल्यांदा मी त्यांना अडकवायला यादी केली, आता सोडवायला करायची का? दोन्ही वेळी बाबा तेच आहेत.

एवढ्यावर थांबले असते. पण काय करावं ते तुमच्याशी बोलावं म्हणून मी काल आइलीच्या घरी फोन केला. ती म्हणाली, "लेनोरताई, बाबा इथे नसतात. फेब्रुवारीपासून आश्रमात आहेत. तुम्हाला त्यांनी सांगितलं नाही?"

नाही, मला त्यांनी पायऱ्यांबद्दल सांगितलं.

काका, तुम्ही स्वतः तिथे राहता, आणि मी बाबांना तशाच ठिकाणी पाठवावं का म्हणून जीव तोडून विचारते, तर तुम्ही "मुलीचं घर ते मुलीचं घर" लिहिता? मला सल्ला नको होता. तिथे कसं असतं, एवढं सांगणारा एक माणूस हवा होता. तो मला पत्रं लिहीत होता आणि मला माहीत नव्हतं.

लेनोर


डुलूथ, १० जुलै

लेनोर,

पकडलंस. आइली माझ्यासाठी एकदाही खोटं बोलणार नाही, हे मी विसरलो.

इथे वाईट नाही. म्हणून तर सांगता येत नाही. जेवण गरम असतं. पोरी गोड बोलतात, फारच गोड. माझी पास्टी, ती मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी, मला न विचारता कापून देतात, लहान मुलाला देतात तशी. खिडकीतून सरोवर दिसतं, पण खिडकी उघडत नाही. वारा कुठून आहे ते मला शेजारच्या गिरणीच्या धुरावरून ओळखावं लागतं. आइलीचा दोष नाही. मी दोन वेळा गॅस उघडा ठेवला, दुसऱ्या वेळी घरात तिचं बाळ होतं. मीच म्हटलं, मला सोडून ये.

ऑर्व्हिलला "जा" असं कोणत्या तोंडाने लिहू? आणि "जाऊ नको" म्हटलं असतं तर उद्या तू म्हणाली असतीस, म्हातारा स्वतःचं रडगाणं गातो आहे. म्हणून पायऱ्या मोजत बसलो. त्याला तर मी अजून सांगितलेलंच नाही. त्याच्या लेखी मी आइलीच्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलोय.

तुझ्या तीन दिवसांना माझ्याकडे उत्तर नाही. ते धुक्याने झाकू नकोस.

एकच विचारतो. ती यादी तू मला पाठवलीस, डॉक्टरला देणार आहेस. ज्याची आहे त्याला दाखवलीस का?

रेइनो


ब्रुल हार्बर, १६ जुलै

प्रिय रेइनोकाका,

तुमचं पत्र मंगळवारी आलं. बुधवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. नाश्त्याच्या वेळी मी यादी बाबांच्या बशीशेजारी ठेवली. आता हवामानाच्या रकान्यासह.

त्यांनी चष्मा लावला. पेन्सिल मागितली.

"हे 'खिडकीकडे पाहतात' असं लिहिलंयस. खिडकीकडे नाही, नैर्ऋत्येकडे. भोंगा तिकडे होता."

"बरं."

"सव्वीस मेला धुकं नव्हतं, धूसर होतं."

"मग थांबलात कशाला?"

"धूसर असलं तरी भोंगा लावायचा. नियम आहे." आणि मग, "मी थांबतो हे मला माहीत नव्हतं, लेनोर."

तीन नोंदी उरल्या. त्या त्यांनी बराच वेळ वाचल्या. पेन्सिल खाली ठेवली.

"हे तीन माझे," ते म्हणाले. "यांना भोंगा नाही."

मला वाटलं होतं ते नाकारतील. त्यासाठी मी काय काय तयारी केली होती! कबूल केलेल्याशी भांडायचं कसं ते मला येत नाही. मी म्हटलं, "बाबा, मग काय करायचं?"

"भोंग्याच्या ठिकाणी सरकार एकटा माणूस ठेवत नसे. एकाचा डोळा लागला तर दुसरा हवा. मदतनीस मागायचा."

"मी आहे ना?"

"तू दिवसभर वाचनालयात. आणि तू मदतनीस नाहीस. तू तपासनीस आहेस."

काका, हे लागलं. अजून लागतंय. चार महिने मी त्यांच्या समोर वही घेऊन बसले, आणि एकदाही शेजारी बसले नाही. खोटं आहे असं म्हणायला मला एक दिवस सापडेना.

मग त्यांनी विचारलं, "रेइनो काय म्हणतो?" आणि मी सांगून टाकलं. तुमची परवानगी नव्हती. रागवायचं तर रागवा. मी आता कोणाचंही काही झाकणार नाही, त्याने माझं डोकं दुखतं.

बाबा बराच वेळ बोलले नाहीत. बाहेर लख्ख ऊन होतं.

"खिडकी उघडत नाही?"

"नाही म्हणतात."

ते उठले आणि मागच्या खोलीतले खोके बाहेर ओढायला लागले. मी म्हटलं, "अहो, कंबर!" तर म्हणाले, "त्याची की माझी?"

डॉक्टरांना मी चौदाच्या चौदा नोंदी दिल्या. अकरांवर ते मोकळेपणाने हसले. उरलेल्या तिन्हींवर नाही. औषध बदललं, गॅसची चूल काढून आपोआप बंद होणारी विजेची शेगडी आणा म्हणाले, आणि ऑक्टोबरमध्ये परत बघू. झटके नसतील असं त्यांनी म्हटलेलं नाही, तेव्हा मीही तसं लिहीत नाही. वृद्धाश्रमाची खोली मी सोडली. "घरात कोण असेल?" असं डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा मी तुमचं नाव, वय आणि दोन वेळचा गॅससुद्धा सांगितला. त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग या दोघांपैकी कोण कोणाला सांभाळणार?"

मी म्हटलं, उत्तर विचारून सांगते. तुम्हाला येत असेल तर कळवा. आणि याल का, तेही कळवा. बाबा पत्र लिहिणार नाहीत. ते म्हणतात, खोली रिकामी केली, आणखी काय लिहायचं?

लेनोर


डुलूथ, २० जुलै

लेनोर,

डॉक्टरांना सांग, पाळी लावू. सहा तास तो, सहा तास मी. एकतीस वर्षांत एकदाही दिवा विझला नाही. त्यात दोघंही कधी झोपलो नाही असं मी म्हणत नाही. दोघं एकाच वेळी झोपलो नाही.

माझ्या अटी. एक, दिव्याचं पितळ जन्मभर घासलं, आता पितळ घासणार नाही. दोन, मी आता मदतनीस म्हणून येणार नाही. एकतीस वर्षं मदतनीस होतो, बढती हवी. तीन, ऑर्व्हिलने कॉफी करायची नाही. ती वंगण म्हणून वापरायच्या लायकीची असते.

आइली आधी रडली. मग जाऊन लोकरीचे सहा जोड मोजे आणले. महिन्याने बघायला येणार आहे. ती तुझ्यापेक्षा कडक तपासनीस आहे, ऑर्व्हिलला सांगून ठेव.

गुरुवारी, तीस तारखेला, बसने निघतो.

रेइनो


ब्रुल हार्बर, २५ जुलै

प्रिय रेइनोकाका,

बस दोन चाळीसला पोचते. मी वाचनालयातून अर्धा दिवस सुटी घेतली आहे. थांब्यावर दोघं येऊ. सामान तुम्ही उचलू नका, बाबाही उचलणार नाहीत, त्यावरून तिथे तमाशा नको.

तुमच्या अटी वाचून दाखवल्या. पितळ मान्य, कारण घरात पितळ नाही. कॉफीवर ते रुसले आहेत. बढतीबद्दल म्हणाले, मुख्य कीपर एकच असतो, हवं तर सरकारकडे अर्ज कर. मी सांगितलं, ते सरकार आता मी आहे, आणि मी दोघांनाही कंटाळले आहे. त्यावर म्हणाले, "सरकार असंच बोलायचं."

मी गावातल्या जागेत परत जाईन, पण ऑगस्टनंतर. तोवर शेगडी तुम्हाला दोघांना शिकवायची आहे. तिची बटणं समजावताना माझा आवाज चढला, तर तो चढणारच आहे, आत्ताच माफी मागून ठेवते.

मागच्या खोलीची खिडकी रंगाने चिकटली होती. बाबांनी सकाळभर खपून ती मोकळी केली. आता ती बंद होत नाही. पांघरूण जाड आणा.

हे लिहीत असताना ते तीनदा येऊन विचारून गेले, बस किती वाजता येते म्हणून. विसरले म्हणून विचारतात की राहवत नाही म्हणून, मला कळत नाही. मी तिन्ही वेळा सांगितलं, दोन चाळीसला.

तुमची,
लेनोर